फोनचा उपास

शुक्रवारी दुपारी टियो काडोयच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. बायका छत्र्या उघडून बसलेल्या, म्हातारे घरून खुर्च्या घेऊन आलेले, पोरं नारळाच्या बुंध्यांना लटकलेली. समोर ओट्यावर लाल कापड घातलेलं टेबल. टेबलावर बाल येशूची मूर्ती, तिच्या गळ्यातून खाली लोंबणारी सांपागिताच्या पांढऱ्या फुलांची जाडजूड माळ, आणि माळेच्या टोकाशी एक पितळी ताट. त्या ताटात एका वेळी एक फोन ठेवायचा. फोन लाल फडक्यात गुंडाळलेला, वर काळ्या दोऱ्याची गाठ. खालचा काठ तेवढा उघडा.

"नाक उघडं ठेवा त्याचं," टियो सांगायचा. "उपासाला बसलेल्यानं श्वास घ्यायचा नाही का?"

मग तो डोळे मिटायचा, माळेत बोटं घालून ताट सारखं करायचा आणि मंत्र म्हणायचा. "स्पिरितू... दोमिनू... सिग्नालू..." महिन्यातून एकदा होडीने येणाऱ्या आमच्या पाद्रीबाबांनी ते लॅटिन ऐकलं असतं तर त्यांना घेरीच आली असती. पण अंगणात कोणी खोकायचंसुद्धा नाही. सगळ्यांचे डोळे त्या लाल गाठोड्यावर.

आणि गाठोडं वाजायचं.

टिंग. टिंग. टिंग टिंग टिंग!

"आला! माझ्या पोराचा निरोप आला!" एखादी आई किंचाळायची. माणसं छातीवर क्रूस करायची. टियो सावकाश गाठ सोडायचा, निरोप वाचून दाखवायचा, आणि आमच्यातल्या निम्म्या बायका रडायला लागायच्या. समुद्रावर गेलेल्या माणसाचा शब्द, तोही मंत्राने ओढून आणलेला! कोणाला रडू येणार नाही?

टियो म्हणजे काका. खरा काका तो कोणाचाच नव्हता. बारा गावचं पाणी पिऊन, मोठ्या शहरातल्या फोन दुरुस्तीच्या दुकानात काम करून तो परत आला होता, पण या दुसऱ्या गोष्टीचा तो उल्लेख करत नसे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो एका गुहेत बसून मंत्र शिकला होता.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस सुरू झाले तेव्हा त्याने ही टूम काढली. "तुम्ही डुकराचं मांस सोडता, दारू सोडता. आणि फोन? तो दिवसभर खातोय! नाच खातोय, गाणी खातोय, शेजारणीची भांडणं खातोय. म्हणून तर दुपारी मरून पडतो, आणि समुद्रावरच्या माणसाचा निरोप दारातून परत जातो. करा की त्यालाही उपास!"

बोलणं लोकांना पटलं, कारण त्यातली अर्धी गोष्ट खरी होती. आमच्या बेटावर वीज संध्याकाळी येते, जनरेटर दमला की जाते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मे फोन मेलेले असतात. टियोने एक रात्र स्वतःकडे 'शुद्ध करायला' ठेवून घेतलेला फोन मात्र या शुक्रवारपासून त्या शुक्रवारपर्यंत जिवंत राहायचा. चार्जर लावायचाच नाही. चमत्कार नाही तर काय?

नियम सोपे होते. फोन आपापल्या घरातल्या मूर्तीपाशी ठेवायचा. हलवायचा नाही. तारेला लावायचा नाही. आपणहून वाजला तरच उघडायचा. वाजला नाही म्हणजे निरोप नाही, सगळं ठीक आहे. शुक्रवारी ताटात आणायचा. आणि शेवटचा नियम तो आवाज खाली आणून सांगायचा, "जी बाई मधेच गाठ सोडेल, तिच्या माणसाच्या होडीचा दोर सुटेल."

बाकीचे नियम लोक विसरले असते. हा कोणी विसरला नाही.

मी हसले होते. पण आमच्या घरात नानाय पासिंग, माझ्या सासूबाई, हसल्या नाहीत. माझा नवरा आर्नेल, त्यांचा एकुलता एक, ट्युना पकडणाऱ्या मोठ्या बोटीवर लांब गेला होता. घरात फोन एकच, माझा. "ईस्टरपर्यंत दे गं इंदाय," त्या म्हणाल्या. आमच्याकडे पोरीबाळींना लाडाने इंदाय म्हणतात. "तुला हसू येतंय, येऊ दे. मला झोप येत नाही." त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून मी फोन दिला.

त्यानंतर निंगला कुत्रं चावलं.

आमची निंग चार वर्षांची. गल्लीतल्या एका पिल्लाला ती सुकी मासळी भरवत होती. पिल्लू एरवी शेपटी हलवत यायचं. त्या दिवशी ते मान वाकडी करून आलं आणि मासळी सोडून त्याने तिचा अंगठा धरला. मी धावले तेव्हा ती रडतही नव्हती. रक्ताळलेला हात पुढे करून म्हणाली, "आई, त्याला भूक होती फार."

मी साबणाने जखम धुतली, धुतच राहिले, आणि तिला कडेवर घेऊन होडीने पलीकडच्या गावातल्या दवाखान्यात गेले. नर्स फेलिसाने पुन्हा धुतली. मग कपाट उघडून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"लस संपलीय. मागवलीय, येईल दोन-तीन दिवसांत. शहरातही नाहीये, मी विचारलंय. हे बघ, होडीचं भाडं घालून उगाच खेपा मारू नकोस, आली की त्याच मिनिटाला तुला ॲपवर निरोप टाकते. निरोप मिळाला की पायात चपला असतील नसतील, निघायचं. हा रोग एकदा दिसायला लागला की मग माझ्याच्याने काही होत नाही. कोणाच्याच्याने होत नाही. कळलं?"

कळलं होतं. साध्या कॉलचा बॅलन्स आमच्याकडे कोणाच्या फोनमध्ये टिकत नाही, बेटाचा सगळा कारभार त्या फुकटच्या गप्पांच्या ॲपवर. माझा नंबर निंगच्या तान्हेपणीच्या लसींपासून फेलिसाकडे होता. फोन फडक्यात आहे हे मला आठवलं, पण वाजल्यावर कळेलच की, असं वाटलं.

फोन वाजला नाही.

पिल्लू आमच्या मागच्या होडीखाली जाऊन पडलं. तोंडातून लाळ गळत होती. आमच्याकडे दादाला मानोंग म्हणतात, ताईला मानांग. शेजारच्या मानोंग बेर्तोने ते मेलेलं पिल्लू फावड्याने उचलून पुरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरीला पाणी पिते का बघत जा. त्या रोगात माणूस पाण्याला घाबरतं."

तेव्हापासून मी तिला पाणी देत होते. उठली की पाणी, खेळून आली की पाणी. पेला तिच्या ओठाला लागला की माझा श्वास अडकायचा, घोट खाली उतरला की सुटायचा. एकदा तिने पेला ढकलला.

"काय झालं गं? का नको?"

"आई, माझ्या पोटात मासे पोहतायत आता," ती वैतागून म्हणाली.

नानाय तिला टियोकडे घेऊन गेल्या. त्याने म्हशीच्या शिंगाचा सुका तुकडा जखमेवर टेकवला. ओल्या जखमेला तो चिकटला. "बघा! विष पीत बसलंय," टियो म्हणाला. तुकडा सुकून गळून पडला तेव्हा, "प्यायलं, पोट भरलं." मग माझ्याकडे वळून, "पोरीच्या आई, दवाखान्यानं निरोप देतो म्हणून सांगितलं ना? आला का?"

"नाही."

"विष उरलं असतं तर आला नसता का? फोन गप्प आहे, म्हणजे पोर बरी आहे. देवाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

घरी येऊन मी त्या लाल गाठोड्यासमोर बसून राहिले. ते नुसतं पडलेलं होतं. मी हात पुढे केला की मागून नानायचा आवाज यायचा, "इंदाय!"

शाळेच्या मॅम रोडोरा प्रशिक्षणाला गेल्या होत्या. त्या सकाळच्या होडीने परतल्या हे कळलं तशी मी निंगला घेऊन पळतच शाळेत गेले. म्हटलं, तुमच्या फोनवरून नर्सला विचारा. पण फेलिसाचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. माझ्या फोनमध्ये होता, फडक्यात.

"तुझाही फोन उपासाला?" मॅमनी कपाळावर हात मारला. "अगं, मी वर्गाच्या गटावर निरोप टाकते ना, तर उपासवाल्या घरांपुढे एकच खूण. निघाला, पण पोचला नाही. आठवडाभर एकच. आणि शुक्रवारी दुपारी सगळ्यांपुढे एकदम दुसरी खूण! त्या गाठीत निरोप अडकतात गं, येत नाहीत असं नाही. थांब." त्यांनी माझ्या नंबरावर काहीतरी टाकलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. एक खूण. आम्ही बघत राहिलो. एकच.

निरोप येऊन पडला असेल तर? माझ्याच घरात, माझ्या हातभर अंतरावर, इतके दिवस?

आम्ही घरी पोचलो तेव्हा नानाय मूर्तीपुढे उभ्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. त्यांनी गाठोडं उचललं नाही, नियम होता तो. त्याच्यापुढे हात पसरून उभ्या राहिल्या.

"नाही. शुक्रवारपर्यंत नाही."

"नानाय, निंगचा प्रश्न आहे."

"आणि आर्नेलचा? होडीचा दोर सुटेल म्हणाला तो! तुझं लेकरू तुझ्या कडेवर आहे. माझं लेकरू समुद्रात आहे, इंदाय!"

मॅम काही बोलणार होत्या, मी त्यांना थांबवलं. सासूबाई दुष्ट नव्हत्या, हट्टी नव्हत्या, माझ्याइतक्याच घाबरलेल्या होत्या. दोघी आया, मधे एक फोन. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, जर दोर खरंच सुटला तर? मी टियोला हसले होते, तरीही वाटलं. भीतीला हसणं-बिसणं काही अडवत नाही.

"नानाय," मी म्हणाले, "आर्नेल इथे असता तर त्यानं काय केलं असतं?"

त्यांचे हात हळूहळू खाली आले.

गाठ बोटांनी सुटेना. मी दोरा दातांनी तोडला. फडकं पडलं. बॅटरी भरपूर होती, स्क्रीन उजळली, आणि एकही निरोप नव्हता. काही नाही. नानायनी सुस्कारा टाकला.

"ॲप उघड," मॅम म्हणाल्या. "उघड गं आधी!"

मी ॲपवर बोट ठेवलं. क्षणभर फोन नुसता गरगरत राहिला. मग वाजायला लागला आणि थांबेचना.

'लस आली. लगेच नीघ.'

'निघालीस का?'

'अगं कुठे आहेस? निरोप बघतही नाहीस. थोड्याच बाटल्या आल्यात.'

'मुलगी बरी आहे ना? उत्तर दे.'

'निंगसाठी एक बाजूला काढून ठेवलीय. उद्या मला ती दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल.' हा निरोप कालचा होता.

आणि त्यांच्या मधेमधे, खाली, वर, आर्नेल. बोटीवरचा भात आणि माशाचा फोटो. 'नानाय जेवली का?' मग, 'इथे समुद्र शांत आहे.' मग, 'सगळ्या रुसलात का माझ्यावर? एकही उत्तर नाही.' शेवटचा निरोप आम्ही बघत असतानाच आला. दोरा जमिनीवर तुटून पडला होता, आणि आर्नेलने ट्युना खांद्यावर घेऊन दात काढलेला फोटो टाकला होता.

नानायनी तो फोटो बघितला. मग त्या मटकन खाली बसल्या. पण क्षणभरच. उठल्या, निंगला कडेवर घेतलं आणि अनवाणीच दाराबाहेर पडल्या.

"बेर्तो! अरे ए बेर्तो! होडी काढ!"

"आत्ता? मानांग, वारा बघितलात का? होडी उलटायची!"

"उलटली तर मी पोहेन. काढ!"

त्या प्रवासाचं मला फारसं आठवत नाही. लाटा आत येत होत्या, नानाय एका हाताने डबा घेऊन पाणी उपसत होत्या, दुसऱ्या हाताने निंगचा पाय धरून होत्या. मी निंगच्या कानात गाणं म्हणत होते आणि माझं मलाच ते ऐकू येत नव्हतं. दवाखान्याच्या दारात नर्स फेलिसा कुलूप लावत उभी होती. आम्हाला बघून ती पुन्हा दाराकडे वळली. कुलूप काढलं.

बाटली होती. ती दुसऱ्या कोणाला द्यायची वेळ त्या दिवशी आली नव्हती. एवढंच. कोणाचा मंत्र नाही, कोणाची पुण्याई नाही, नुसता योग. पुढचा कितीतरी काळ मला त्या 'योगा'चीच सगळ्यात जास्त भीती वाटत राहिली.

शुक्रवारी अंगण पुन्हा भरलं. या वेळी पुढच्या रांगेत नानाय, मॅम रोडोरा आणि मी. मानोंग बेर्तोने आपला उपासाचा फोन आणला होता, गाठीसकट.

टियोने डोळे मिटले, बोटं माळेकडे गेली.

"थांब काडोय," मॅम म्हणाल्या. "आज ताटाला हात लावू नकोस. लांब उभा राहून म्हण मंत्र. देवाला अंतराचं काय?"

"मॅम, शाळेत शिकवा," टियो हसला. "इथं वर्ग माझा."

"म्हण की रे," मागून कोणीतरी ओरडलं. "घाबरतोस काय?"

आता मागे हटता येईना. त्याने लांबून मंत्र म्हटला. मॅमनी सगळ्यांदेखत बेर्तोच्या नंबरावर निरोप टाकला आणि आपला फोन रांगेतून फिरवला. एक खूण. टियोने आवाज चढवला. "सिग्नालू! सिग्नालू माग्नू!" घाम आला. अंगणात माशी उडाली तरी ऐकू येत होतं. फोन गप्प.

"अश्रद्धा आहे इथं कोणाची तरी!" टियोने बोट उगारलं, नेमकं माझ्याकडे. "गाठ तोडणारी बाई अंगणात आहे!"

काही माना माझ्याकडे वळल्या. निंग माझ्या मांडीवर होती, मी तिला घट्ट धरलं. जमावाचे डोळे असे एकदम फिरले की जिवाचं पाणी होतं.

तेवढ्यात नानाय उठल्या. आयुष्यभर चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारी बाई, सरळ ओट्यावर चढली. "गाठ मी तोडू दिली," त्या म्हणाल्या. "माझा आर्नेल ठणठणीत आहे." आणि त्यांनी मूर्तीच्या पाया पडून, माफी मागून, टियोची बोटं जिच्यात जायची ती फुलांची माळ ओढली.

फुलं हातात आली. आतली पांढरी वायर लोंबत राहिली. तिचं एक टोक टेबलाखालून छपरावरच्या सौर पाट्यांकडे गेलेलं, दुसरं चार्जरची पिन.

मॅमनी ती पिन घेतली आणि बेर्तोच्या फोनच्या उघड्या 'नाका'त घातली. गाठ तशीच. फडकं तसंच. मंत्र नाही.

टिंग. टिंग टिंग टिंग!

"आयला," बेर्तो म्हणाला. "उपास सोडला लेकानं!"

हसू फुटलं, पण त्यात राग होता. मॅमनी फोन उघडून सेटिंगमधली एक यादी सगळ्यांना दाखवली: झोपवलेली ॲप्स. त्यात गप्पांचं ॲप सगळ्यात वर. टियोने 'शुद्ध' करताना प्रत्येक फोनमध्ये बॅटरी वाचवणारं एक ॲप घातलं होतं आणि गप्पांच्या ॲपला त्याच्या हवाली केलं होतं. झोपलेल्या ॲपला निरोप आलेला कळत नाही. ते त्याला उघडल्यावर कळतं, किंवा चार्जर लागला की ते बॅटरीवालं ॲप सगळ्यांना उठवतं तेव्हा. शिवाय फोन न हलवता, स्क्रीन न उघडता, तारेला न लावता ठेवला की तो आपणहूनही गाढ झोपतो. बनवणाऱ्यांनीच तशी सोय केलेली असते. टियोचे नियम म्हणजे फोनला झोपवण्याची रीत होती, वर गाठ मारलेली. बॅटरी टिकायची कारण फोन काही करतच नव्हता. आणि शुक्रवारी ताटात त्याचं पोट भरायचं.

"म्हणजे माझ्या पोराचे निरोप तू अडवायचास," एक म्हातारी टियोला म्हणाली, "आणि तूच आणून द्यायचास?"

टियो खाली बघत होता. "बॅटरी तर वाचली ना तुमची?" एवढंच तो म्हणाला.

त्याला कोणी मारलं नाही. नानायनीच मारू दिलं नाही. पण त्या अंगणात आता कोंबड्या फिरतात.

फोनला झोप लागू नये असं माझं म्हणणं नाही. आमच्यासारख्या बेटावर बॅटरी वाचवावीच लागते, मीही वाचवते. खेळ झोपवा, गाणी झोपवा. पण ज्या ॲपवर तुमचा दवाखाना, तुमचं माणूस, वादळाचा इशारा येतो, ते त्या यादीतून बाहेर काढा. कसं काढायचं ते येत नसेल तर विचारा, विचारण्यात लाज नाही. आणि कोणी म्हणालं की हे उघडून बघू नकोस, बघितलंस तर तुझ्या माणसाचं वाईट होईल, तर आधी तेच उघडा. ज्याच्याकडे लपवायला काही नसतं, तो तुमच्या लेकराची भीती घालत नाही. हात थरथरेल. माझाही थरथरला. थरथरत्या हाताने गाठ सुटली नाही, तर दातांनी तोडा.

निंगची सगळी इंजेक्शनं झाली. प्रत्येक वेळी बोलावणं आलं, प्रत्येक वेळी फोन वाजला. फेलिसा म्हणते आता काळजी नको. मला ते कळतं. तरीही ती पेला तोंडाला लावते तेव्हा हातातलं काम थांबतं. नानायचंही थांबतं, मी बघितलंय. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता तो घोट खाली उतरेपर्यंत थांबतो.

आत्ताच ती घामाघूम होऊन आली. घटाघट पेला रिकामा केला, तोंड पुसलं आणि पेला माझ्यापुढे धरला.

"आई, अजून."